तीन मिलिसेकंदांचं फर्दापूर

संगणकावर गाणं लावायचं म्हटलं की केवढा बारदाना समोर येतो! अल्बमचं चित्र, नाचणारे रंगीत पट्टे, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून पुढे सरकवलेली रांगभर गाणी, मध्येच जाहिरात. हे सगळं बाजूला सारा. संगणकातली ती काळी खिडकी उघडा, टर्मिनल नावाची. एक ओळ टाइप करा, एंटर दाबा. गाणं सुरू. संपलं की पुन्हा तोच लुकलुकणारा कर्सर, काही झालंच नाही अशा थाटात.

लिनक्सवर ही ओळ 'एप्ले' या शब्दाने सुरू होते, पुढे फाइलचं नाव. मॅकवर 'एएफप्ले'. एमपीथ्रीसाठी 'एमपीजी१२३' आहे, आणि समोर येईल ते वाजवणारा 'एमपीव्ही' आहे. (टाइप अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं, इथे मी फक्त उच्चार देतो आहे.) एवढंच असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता. पण या काळ्या खिडकीची गंमत गाणं ऐकण्यात नाही. आवाज म्हणजे संगणकाच्या लेखी नेमकं काय, हे ती उघडं करून दाखवते.

मी हे उद्योग अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापुरात बसून केले. लेण्यांकडे जाणारी गर्दी टी-पॉइंटवर उतरते, एसटीच्या बसमध्ये चढते आणि चार किलोमीटर पुढे जाते. गावात फार कोणी थांबत नाही. बाहेर पाऊस आणि नेटची रेंज गेलेली, अशा वेळी लॅपटॉपमधल्या फायलींशी खेळण्यासारखं दुसरं सुख नाही.

पहिली गोष्ट ही की आवाजाच्या फाइलमध्ये आवाज नसतो. असतात फक्त आकडे, एकामागून एक. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये एका सेकंदाला ४४,१०० आकडे, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधला, आणि तो एवढंच सांगतो की या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे किंवा किती मागे हवा. सूर, शब्द, वाद्य, गायिका यांतलं काहीही त्या फाइलला ठाऊक नाही. लताबाईंचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस यांत तिच्या दृष्टीने आकड्यांचाच काय तो फरक.

४४,१०० च का? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी कंपनं पकडायची तर त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, हे गणित झालं. पण मग नेमका हाच आकडा कुठून आला? व्हिडिओ टेपमधून! १९७०च्या दशकात डिजिटल आवाज साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओची फीत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, दर ओळीत ३ आकडे. गुणाकार करा: ४४,१००. युरोपात ५० फील्ड, २९४ ओळी, पुन्हा ३ आकडे. उत्तर तेच. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली सीडीचे नियम ठरवले तेव्हा हाच आकडा कायम झाला. वर आणखी एक मौज: पहिल्या चार मूळ संख्या २, ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार २१०, आणि २१० चा वर्ग ४४,१००. दोन्ही खंडांच्या टीव्हीशी जमवून घेता घेता हा योग जुळून आला.

आता एंटर दाबल्यावर काय होतं ते बघू. 'एप्ले' फाइल उघडतो आणि तिच्या माथ्यावरची माहिती वाचतो. साध्या वेव्ह फाइलीत ती ४४ बाइटांची असते: सेकंदाला किती आकडे, एक आकडा किती बिटांचा, कान एक की दोन. मग तो आकडे स्मृतीतल्या एका गोल पट्ट्यात भरू लागतो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने साउंड कार्ड तेच आकडे आपल्या ठरलेल्या लयीत उपसत असतं. विहिरीवरच्या रहाटासारखंच हे: खाली पोहरे भरतात, वर रिते होतात, आणि चक्र थांबत नाही. संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि भरायला उशीर झाला, की रिकामा पोहरा वर येतो. तो आपल्याला 'कट्ट' असा ऐकू येतो. रंगीत ॲप अशा वेळी गप्प बसतं. 'एप्ले' मात्र 'अंडररन' म्हणून तिथल्या तिथे लिहून टाकतो, तेही तीन उद्गारचिन्हांसह, आणि वर किती मिलिसेकंद चुकले तेही सांगतो. असला प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

उपसलेला आकडा विजेच्या दाबात बदलतो, दाब तारेच्या वेटोळ्यात जातो, वेटोळं चुंबकाशेजारी हलतं, पडदा हलतो, हवा हलते. पुढचं काम कानाचं.

माथ्यावरच्या त्या माहितीत खोटं लिहून बघा. ४४,१०० ने नोंदवलेली फाइल २२,०५० ने वाजवायला सांगितली तर लताबाईंचा आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि गाणं दुप्पट वेळ चालतं. आकडा एकही बदललेला नसतो. बदलतो तो फक्त करार, की हे आकडे कोणत्या वेगाने वाचायचे.

आणि माथ्यावर काही लिहिलेलंच नसेल तर? तर 'एप्ले' स्वतःच ठरवून टाकतो: एकेक बाइट म्हणजे एकेक आकडा, सेकंदाला ८,००० आकडे, कान एक. ८,००० हा जुना टेलिफोनचा दर. मग त्याला कुठलीही फाइल द्या. फोटो द्या, पीडीएफ द्या, तो ती वाजवतो! कुरकूर नाही, 'ही गाण्याची फाइल नाही' असा नकार नाही. ही उदारता युनिक्सच्या घराण्यातली. सन कंपनीच्या १९८९च्या स्पार्कस्टेशनवर स्पीकर हीसुद्धा एक फाइलच होती, आणि कुठलीही दुसरी फाइल तिच्यात ओतली की ती वाजायची. फिनलंडच्या विझनट या टोपणनावाच्या प्रोग्रामरने २०११ मध्ये याचा कळस केला. त्याने एका ओळीचं गणिताचं सूत्र लिहिलं, त्यातून निघणारे आकडे सरळ स्पीकरकडे पाठवले, आणि त्यातून चक्क ठेका आणि सुरावट निघाली. वाद्य नाही, ध्वनिमुद्रण नाही.

मी 'एप्ले'ला मराठी मजकूर दिला. एका फाइलीत एकच शब्द: फर्दापूर.

संगणकात हा शब्द असा साठतो: फ, र, हलन्त, द, काना, प, दीर्घ उकार, र. आठ चिन्हं. यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. फ म्हणजे २२४, १६४, १७१. र म्हणजे २२४, १६४, १७६. हलन्त २२४, १६५, १४१. आठ त्रिक चोवीस बाइट. सेकंदाला ८,००० या वेगाने चोवीस बाइट वाजायला लागतात बरोबर तीन मिलिसेकंद. अख्खं गाव तीन मिलिसेकंदांत! तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम एक मीटर पुढे जातो. कानाला एक बारीकशी टिचकी ऐकू येते, बस्स.

पण तेच आकडे पुन्हा नीट बघा. दर तिसरा आकडा २२४. त्याच्या पाठोपाठ १६४ नाहीतर १६५. देवनागरीत तिसरं काही येतच नाही. बदलतो तो फक्त शेवटचा. म्हणजे मराठी मजकूर, मग तो तुकोबांचा असो की तलाठ्याच्या दाखल्याचा, आकड्यांत उतरला की दर तीन पावलांनी तेच ते करतो. आणि सेकंदाला ८,००० पावलं टाकताना दर तिसऱ्या पावलाला होणारी पुनरावृत्ती म्हणजे सेकंदाला सुमारे २,६६७ कंपनं. लांबलचक मजकूर दिला तर एक तीव्र, किरटी शिट्टी कानावर येते! तिच्यात खरखर मिसळलेली असते, कारण शब्दांमधली रिकामी जागा एकाच बाइटची, आणि प्रत्येक शब्दानंतर ठेका एक घर सरकतो. 'टीआर' या कमांडने रिकाम्या जागा काढून टाका. शिट्टी बरीच साफ होते.

गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड या लिप्यांची अक्षरंही २२४ नेच सुरू होणारी, तीन बाइटांची. त्याही याच पट्टीत शिट्टी घालतात. रोमन अक्षराला एकच बाइट, त्यामुळे इंग्रजी मजकुराला हा सूर नाही, नुसती फरफर. फर्दापुरात कानावर पडणाऱ्या उर्दूच्या अक्षराला दोन बाइट. तिचा सूर ४,००० हर्ट्झवर पडायला हवा, पण ८,००० च्या दराची तीच शेवटची कड, तिथे तो ऐकू येईलच असं नाही. हा आत्ता तुम्ही वाचताय तो लेख या पद्धतीने तीनेक सेकंदांत वाजून संपेल. पहिल्यांदा आवाज कमी ठेवा, आणि हेडफोन तर अजिबात लावू नका.

फर्दापुरात बसून हे करताना आठवण येते ती नक्कलकारांची. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती रंगवल्या; त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने प्रती काढल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्यासोबत तरुण नंदलाल बोस होते, असितकुमार हालदार होते, आणि त्यांचा तळ पडला होता तो फर्दापुरातच. प्रत्येक प्रत हाताची, म्हणून प्रत्येक वेगळी, आणि जळाली की संपली.

आकड्यांची प्रत मात्र प्रत राहत नाही, ती मूळच होते. 'सीपी' ही दोन अक्षरी कमांड फाइलीची जी नक्कल करते ती बाइटला बाइट तीच. पटत नसेल तर 'एसएचए२५६सम' दोन्ही फायलींसाठी चौसष्ट चिन्हांचा एकेक ठसा काढून देतो. ठसे जुळले की फायली तंतोतंत एक. हे एमपीथ्रीबद्दल मात्र म्हणता येणार नाही. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही पद्धत, मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज आपल्याला तसेही ऐकू येत नाहीत, ते टाकून देते. १२८ किलोबिटांची एमपीथ्री सीडीच्या मानाने अकरापट लहान भरते ती त्यामुळेच. चालतं. पण टाकलेलं परत येत नाही, आणि एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री केली की आणखी काही गळतं.

म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाला मोल. गी प्वाटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळाले बर्नार्ड बेल. हा गृहस्थ मूळचा संगणकवाला. टाइप केलेल्या तबल्याच्या बोलांना व्याकरणाचे नियम लावून नवे कायदे रचणारा 'बोल प्रोसेसर' त्यांनी जिम किपन यांच्याबरोबर ॲपलच्या सुरुवातीच्या संगणकावर उभा केला होता. बेल यांनी बायकांच्या तोंडून त्या ओव्यांचं १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण केलं, आपल्या मराठवाड्यात माजलगावलाही. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने ते लोकांसमोर आणलं. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, जात्यापाशी सुचणाऱ्या ओव्याही थांबल्या. उरले ते हे आकडे.

ओवी ऐकून उतरवून घ्यायची असेल तर काळ्या खिडकीइतकं सोयीचं साधन मला दुसरं माहीत नाही. 'सॉक्स' नावाचा १९९१ पासूनचा एक प्रोग्राम आहे. त्याची वाजवण्याची कमांड नुसतीच 'प्ले'. फाइलच्या नावापुढे 'ट्रिम १२ ५' लिहा, बाराव्या सेकंदापासून पाचच सेकंद वाजतात. 'टेम्पो ०.७' लिहा, म्हातारीचं बोलणं संथ होतं, पण आवाजाची पट्टी ढळत नाही. एखादा शब्द निसटला तर वरचा बाण दाबायचा, मागची ओळ परत येते, पुन्हा एंटर. माउसने त्या निमुळत्या पट्टीवर नेमका क्षण धरण्याची कसरत ज्यांनी केली आहे त्यांना यातलं सुख कळेल. आणि ज्यांना पडदा दिसतच नाही अशा माणसांनाही, कारण इथे सगळा कारभार अक्षरांचा, आणि अक्षरं वाचून दाखवता येतात. 'ईस्पीक-एनजी' तर मराठीही वाचतो; उच्चार यंत्राचे, पण कळतात.

शाळेत अडगळीला पडलेला जुना संगणक असेल तर त्यावर लिनक्स घाला. 'क्रॉन' या वेळापत्रकाच्या फाइलीत एक ओळ लिहा: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, आणि शेवटी वाजवायची कमांड. सोमवार ते शनिवार अकराच्या ठोक्याला घंटा वाजेल, कोणी बटण दाबो न दाबो. सुट्टीच्या दिवशीही वाजेल हे मात्र ध्यानात ठेवा. दिवाळी त्याला कळत नाही.

आणि घरात आजीच्या ओव्या, आत्याची पाळणागीतं फोनवर नोंदवलेली असतील तर त्या मूळ फायली आहेत तशाच, एमपीथ्री वगैरे न करता, आजच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या गावात. दोन्हींचे ठसे जुळवून बघा. कमांड एका ओळीची आहे, लागणारा वेळ चहाच्या कपाहून कमी.