जॉबवर्क कोणाचे, हक्क कोणाचा?
चित्रकथांच्या धंद्यातून घेण्यासारखा धडा

भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या लघुउद्योजकाला दोन प्रकारची कामे ठाऊक असतात. एक जॉबवर्क : ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, मजुरी आपली. दुसरे स्वतःचे उत्पादन : डिझाइन आपले, नावही आपले. पहिल्यात पैसा लवकर सुटतो. दुसऱ्यात जोखीम असते, पण मालकी राहते. हाच फरक चित्रकथांच्या, म्हणजे कॉमिक्सच्या धंद्यात स्पष्ट दिसतो. आपल्या पट्ट्यात लेबल, खोकी व माहितीपत्रके छापणाऱ्यांनी तो समजून घ्यावा.

अमेरिकेत जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ निर्माण केला. १९३८ साली तो छापून आला. त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्याच व्यवहारात पात्राचे हक्क प्रकाशकाकडे गेले. प्रकाशकाने पुढे अमाप पैसा कमावला. हे दोघे कोर्टकचेऱ्यांत थकले. १९७५ च्या अखेरीस जनमताच्या दबावामुळे कंपनीने दोघांना दरसाल २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले. हक्क मात्र त्या वेळीही परत दिले नाहीत.

आपल्याकडे मुंबईच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठी वाचकांच्या घरात ‘वेताळ’ होऊन आला. चित्रे तयार मिळत असल्याने खर्च भाषांतर, अक्षरलेखन, छपाई व वितरण यांवर होई. अनेक भाषांत छापण्याच्या अशा कामात मोठी सोय असते : चित्रांचे रंग तेच राहतात, अक्षरांची काळी प्लेट तेवढी बदलावी लागते. पानांचा हिशेबही छापखान्याचाच. सोळा पानांचे दोन फर्मे म्हणजे ३२ पाने. पहिल्या दहा अंकांत कथेला २८ पाने व उरलेल्यांत सामान्यज्ञान असे. कथा बसली नाही तर चित्रचौकटी कापल्या जात. आठशेवर अंक काढून ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. वेताळ मूळ मालकांकडेच राहिला.

याउलट अनंत पै यांनी १९६७ साली इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. कथा व चित्रे येथेच तयार करून घेतली. सुलताना रझिया, अकबर यांच्यावरही अंक निघाले. पुढे संस्थेचे मालक बदलले, पण तो संग्रह आजही विकला जातो. स्वतःच्या मालाची किंमत ती हीच.

इंद्रजालमध्येही १९७६ साली ‘बहादूर’ हा देशी नायक आला. त्याचे जनक आबिद सुरती. डोंगरीत वाढलेल्या या मुलाने महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांकडून मिळालेल्या मिकी माऊसच्या चित्रांवरून हात वळवला आणि पुढे लेखक व चित्रकार म्हणून नाव कमावले. हुनर गरिबीत अडकून राहत नाही, याचे हे उदाहरण आहे.

मग आपल्या तरुण चित्रकाराने व छपाईवाल्याने काय करावे? कॉपीराइट कायदा, १९५७ नीट समजून घ्यावा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, साधारणतः नोकरी देणारा असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. म्हणून करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : कोणते काम, कशासाठी वापर, किती काळ आणि किती मोबदला. पुन्हा छपाई झाल्यास वेगळे पैसे मिळणार का, हेही लिहून घ्यावे.

आपल्यातले बरेच व्यवहार ओळखीवर, तोंडी चालतात. “भाई, लिहायचे काय त्यात?” असे म्हणून विषय संपवला जातो. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा स्पष्ट आदेश आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. दोन्ही बाजूंचा हक्क त्यानेच सुरक्षित राहतो. सीगल आणि शुस्टर यांनीही कागदावर सही केली होती. सही करण्यापूर्वी आपण काय देऊन टाकतो आहोत, हे मात्र त्यांना उमगले नाही. कागद हवाच, आणि तो वाचूनच सही हवी.