माती राखणाऱ्या हातांना आपला बाजार द्या

सेंद्रिय शेतीचा सध्या मोठा बोलबाला आहे. शहरातल्या मॉलमध्ये रसायनमुक्त डाळ चढ्या भावाने विकली जाते आणि व्यासपीठांवरून पूर्वजांच्या शेतीचे गोडवे गायले जातात. त्या जुन्या शेतीत आपले पूर्वज कुठे होते, हे मात्र कोणी विचारत नाही. ते दुसऱ्याच्या रानात राबत होते आणि मोबदला म्हणून बलुत्याचे चार दाणे पदरात घेऊन घरी येत होते. धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली, हे या जिल्ह्याला विसरता येणार नाही. तेव्हा जुन्या खेड्याच्या गोडव्यांना भुलण्याचे आपल्याला कारण नाही.

पण माती आणि पाणी वाचवण्याचा प्रश्न आपला नाही, असेही नाही. हा जिल्हा पर्जन्यछायेतला. २०१५-१६ च्या दुष्काळात येथे जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तरीही ज्याच्याकडे विहीर-बोअर आहे तो ऊस लावतो आणि जमिनीखालचे पाणी उपसतो. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याच्या बायकोच्या डोक्यावर हंडा येतो. पाण्याची उधळपट्टी एकाची, शिक्षा दुसऱ्याला, हा अन्याय नाही तर काय?

याला उत्तर याच मातीत शोधले गेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिलांचे गट बांधणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या काळात एक एकर शेतीची पद्धत रुजवली. कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने आपल्या ताब्यात घ्यायचा. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असे मिश्र पीक पेरायचे. खत घरीच तयार करायचे. आधी घरच्यांनी खायचे, उरेल ते विकायचे. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून दाखवून दिले होते की, केवळ क्षेत्र लहान म्हणून शेती तोट्यात जात नाही. भांडवल आणि साधने अपुरी पडतात, हे खरे दुखणे आहे. शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगाने उचलावा, हा त्यांचा उपाय होता. म्हणून एक एकरावर थांबून चालणार नाही. बाई तूर आडतीवर पडेल त्या भावाने घालते आणि तीच डाळ दुकानातून महाग विकत घेते. डाळ भरडणे, पीठ, मसाला, खत हे उद्योग तिच्या गटाच्या हातात आले, तरच मधला पैसा तिच्या घरात राहील.

आता कळीचा प्रश्न. ज्या बाईच्या घरात एक एकरच नाही, तिने काय करायचे? तिच्याकडे असते ती शेळी. काळी, काटक, बहुधा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी ही या भूमिहीनांची बँक आहे. गावात आपल्या बाईच्या हातचे पापड-लोणचे घेताना जात आडवी येते. बोकड विकत घेताना ती कोणी विचारत नाही. पण शेळीला चरायला गायरान लागते, आणि पोटासाठी कसायलाही आपल्याकडे गायरानच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभे केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही २०२२ साली न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांच्या दारात नोटिसा आल्याच. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. उद्या उठवले जाण्याची भीती असलेला माणूस बांध कशाला घालील, झाड कशाला लावील? मातीचे रक्षण हवे असेल तर आधी मातीवर हक्क द्यावा लागतो.

हक्काची लढाई सरकारशी आहे, ती चालूच राहील. बाजार मात्र आपल्या हातात आहे. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, गावोगावच्या जयंती मंडळांत आणि विहारांत हजारोंच्या पंगती उठतात. त्यांची डाळ, ज्वारी, तिखट आपल्या तालुक्यातील महिला गटांकडून, भूमिहीनांच्या बचत गटांकडून का येऊ नये? मंडळाने पेरणीआधीच गटाशी बोलावे, भाव ठरवावा, थोडी उचल द्यावी. नोकरदार बांधवांनी वर्षाची डाळ गटाकडून भरावी. माल निवडून, तोलून, पावती करून घ्यावा. वाईट असेल तर परतही करावा. कारण ही दया नाही, व्यवहार आहे. बलुत्यात देणारा ठरवत होता की किती द्यायचे. आता पिकवणारीने भाव सांगावा आणि आपण तो मोजून द्यावा. पुढच्या जयंतीच्या बैठकीत डीजेच्या खर्चाआधी हा विषय घ्या.