व्यक्तिरेखेचा वेश : शिवावा, विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात बुढापारा नावाची जुनी वस्ती आहे. वस्तीलगतच्या बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर असे नाव आहे. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला परिचित झालेले नरेंद्रनाथ दत्त हे आपल्या कुटुंबासह १८७७ ते १८७९ या काळात याच भागात राहत होते. येथील सप्रे शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव दिलेले आहे. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथही त्यांनी हिंदीत आणले. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून वास्तव्य करून आहेत.

अशा कुटुंबांत गणेशोत्सव किंवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलाला विवेकानंद व्हायचे असते, मुलीला झाशीची राणी. स्पर्धा चार दिवसांवर आलेली असते आणि वेश कोठून आणावा हे ठरत नाही. तयार वेश महाग असतो, भाड्याचा वेश अंगावर नीट बसत नाही आणि घरी शिवायचा तर सुरुवात कशी करावी हे उमगत नाही. एका संध्याकाळसाठी महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग खर्च करणे कोणत्याही साध्या कुटुंबाला परवडणारे नसते. म्हणूनच कोणता भाग शिवावा, कोणता विकत घ्यावा आणि कोणता भाड्याने आणावा, याचा विवेक असणे आवश्यक आहे.

वेश धारण करण्याची परंपरा

दुसऱ्याचा वेश घेऊन लोकांसमोर येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बहुरूपी हा कलावंत गावोगावी वेगवेगळी सोंगे घेऊन फिरत असे. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला. नाटकासोबत कपडेपट आला. नटांचे कपडे जेथे ठेवले जातात आणि जेथून ते दिले जातात, त्या विभागाला कपडेपट म्हणतात.

परदेशातही हा छंद जुना आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे संमेलन भरले. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा वेश करून आले होते. ते कपडे मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवले होते. १९८० च्या दशकात जपानमध्ये या छंदाला ‘कॉस्प्ले’ हे नाव मिळाले. वेश आणि खेळ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून तो शब्द तयार झाला. भारतात २०११ मध्ये दिल्ली व मुंबई येथे कॉमिक कॉन हे मेळावे सुरू झाले, तेव्हापासून चित्रकथांतील आणि चित्रपटांतील पात्रांचे वेश करणारे तरुण आपल्याकडेही दिसू लागले.

या कलेला जगात केवढा मान आहे, हे कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या उदाहरणावरून कळते. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. त्या चित्रपटात गांधीजींचा वेश बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत बदलत जातो. माणूस कसा घडत गेला, हे केवळ कपड्यांवरून प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

ओळखीच्या खुणा

या उदाहरणातच वेशभूषेचे मर्म आहे. प्रत्येक व्यक्तिरेखेच्या वेशात तीन-चार खुणा अशा असतात, की त्या दिसताच पाहणारा तिला ओळखतो. श्रम व पैसा या खुणांवर खर्च करावा. उरलेला वेश साधा असला तरी चालतो.

विवेकानंदांचे उदाहरण घेऊ. बुढापाऱ्यात राहत असताना नरेंद्रनाथ चौदा-सोळा वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी संन्यास घेतलेला नव्हता. लोकांच्या मनात ठसलेले रूप १८९३ च्या शिकागो येथील धर्मपरिषदेच्या वेळचे आहे. म्हणून वेश कोणत्या प्रसंगाचा करायचा आहे, हे प्रथम ठरवावे. त्या प्रसंगाची छायाचित्रे पाहावीत आणि कागदावर यादी करावी. येथे खुणा चारच निघतात : गुडघ्याखाली येणारा लांब अंगरखा, कमरेला बांधलेला पट्टा, डोक्यावरचा फेटा आणि छातीवर घडी घातलेले हात. चौथ्या खुणेला एक पैसाही लागत नाही. अंगरख्याखाली घरातला पांढरा पायजमा पुरेसा होतो.

साधेपणाने वेशाचा प्रभाव कमी होत नाही. १९२३ मध्ये रायपूर येथे जन्मलेले नाटककार हबीब तनवीर यांनी छत्तीसगडी लोककलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ (१९७५) रंगमंचावर आणले. त्यातील वेश ग्रामीण छत्तीसगडच्या रोजच्या पेहरावाजवळचे होते. तरीही ते नाटक देशात आणि परदेशात गाजले.

कापड आणि कापणी

अंगाला लागणारा वेश शक्यतो घरी शिवावा, कारण तो मापाचा होतो आणि पुन्हा वापरता येतो. कापडासाठी रायपुरात पंडरीचा कापडबाजार आहे, तर गोट, हूक, नाड्या अशा किरकोळ वस्तू गोलबाजारात मिळतात. चांप्याचा कोसा प्रसिद्ध असला तरी एका दिवसाच्या वेशासाठी तो घेण्याचे कारण नाही. साधे सुती कापड शिवायला सोपे असते, घाम शोषते आणि इस्त्रीने नीट बसते.

कापड किती लागेल, हे घरीच मोजून जावे. समजा, मुलाच्या खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंतचे माप ८५ सेंटीमीटर आहे. काठ दुमडण्यासाठी व शिलाईसाठी ५ सेंटीमीटर धरले, तर एक लांबी ९० सेंटीमीटर होते. पुढचा व मागचा भाग मिळून १८० सेंटीमीटर लागतील. बाही ४५ सेंटीमीटर असेल, तर ५ सेंटीमीटर मिळवून ५० सेंटीमीटर होतात. कापडाचा पन्हा ११२ सेंटीमीटर असल्यास दोन्ही बाह्या शेजारीशेजारी बसतात. एकूण २३० सेंटीमीटर होतात, म्हणून अडीच मीटर कापड घ्यावे. फेट्यासाठी तीन मीटर मलमल वेगळी घ्यावी.

पुढील क्रम पाळल्यास कापड वाया जात नाही.

१. सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून इस्त्री करावे. ते आधीच आटले, तर शिवलेला वेश पहिल्या धुण्यात आखूड होत नाही.

२. रंग पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासावा. भगवा आणि लाल रंग विशेषतः तपासावेत.

३. छाती, कंबर, खांदा, बाही, गळा आणि उंची ही मापे घेऊन लिहून ठेवावीत. छातीच्या मापात हालचालीसाठी ८ ते १० सेंटीमीटर सैलपणा मिळवावा.

४. खाकी कागदावर नमुना काढावा. अंगरख्याची लांबी कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर ठेवावी. नमुना तिरका ठेवला, तर शिवल्यावर कापड एका बाजूला ओढले जाते.

५. शिलाईसाठी कडेने दीड ते दोन सेंटीमीटर माया सोडावी. वाढत्या मुलाच्या कपड्यात बाजूला थोडी जास्त माया ठेवली, तर पुढील वर्षी शिवण उसवून वेश सैल करता येतो.

६. प्रथम धावदोऱ्याने कच्ची शिलाई करून वेश अंगावर घालून पाहावा. हात वर करणे, बसणे आणि चालणे जमले, की मगच यंत्रावर पक्की शिलाई घालावी.

७. प्रत्येक शिवणीवर लगेच इस्त्री फिरवावी. घरी शिवलेला कपडा आणि शिंप्याने शिवलेला कपडा यांतील फरक बहुतेक वेळा इस्त्रीनेच मिटतो.

फेटा ऐन वेळी बांधणे अवघड असते. म्हणून मुलाच्या मापाची कापडी टोपी घ्यावी, तिच्यावर मलमलीच्या घड्या बसवून त्या टाक्यांनी पक्क्या कराव्यात. असा फेटा टोपीसारखा घालता व काढता येतो. मावळ्याची बाराबंदी शिवताना बंद वेगळे तयार करून शिवणीतच अडकवावेत. नंतर वरून लावलेले बंद ओढाताणीत निघतात.

ढाल, शिरस्त्राण आणि मुखवटा

कापडाने होत नाहीत अशा वस्तू पुठ्ठ्यापासून किंवा फोमच्या जाड चादरीपासून बनवता येतात. फोम गरम केल्यावर वाकतो आणि थंड होताना त्याच आकारात राहतो. रंग देण्यापूर्वी फोमवर पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात द्यावेत, म्हणजे तो रंग शोषून घेत नाही. थर्मोकोलवर फवाऱ्याचा रंग मारू नये. त्यातील द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. त्यासाठी पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत. तीव्र वासाचे चिकटद्रव्य आणि फवाऱ्याचे रंग यांचे काम उघड्या जागी करावे.

मुखवट्यासाठी कागदाचे तुकडे आणि पिठाची खळ पुरेशी असते. फुग्यावर किंवा मातीच्या साच्यावर चार-पाच थर द्यावेत, मात्र प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने चेहऱ्यावर बांधायच्या मुखवट्यात ते कधीही घालू नये.

विकत किंवा भाड्याने घेताना

ज्या वस्तू घरी बनवण्यास बराच वेळ लागतो आणि ज्या एकदाच वापरायच्या असतात, त्या विकत किंवा भाड्याने आणाव्यात. केसांचा टोप, दागिने, कमरपट्टा, जिरेटोप या वस्तू त्यांत मोडतात. भाड्याची वस्तू निदान दोन दिवस आधी घालून पाहावी. फाटलेली शिवण, तुटलेला हूक किंवा डाग असल्यास तो दुकानदाराला तेथेच दाखवून पावतीवर लिहून घ्यावा. तसे न केल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येते आणि अनामत रक्कम परत मिळत नाही. आधी दुसऱ्याने वापरलेला टोप थेट डोक्यावर न घालता आत सुती टोपी घालावी.

तयार वेश मागवताना ‘आठ ते दहा वर्षे’ अशा वयाच्या मापावर विसंबू नये. छाती व उंचीचे आकडे ताडून पाहावेत. वस्तू परत घेण्याच्या अटी वाचाव्यात आणि दुरुस्तीला वेळ राहील अशा बेताने मागणी नोंदवावी.

सुरक्षितता आणि सन्मान

नायलॉनसारखे कापड आगीने वितळून कातडीला चिकटते. कापसाची दाढी क्षणात पेट घेते. म्हणून निरांजने किंवा समया असलेल्या जागी असा वेश घालू नये. लहान मुलाच्या गळ्याभोवती पक्की गाठ मारू नये. ओढल्यास सुटेल असे वेल्क्रो लावावे. मुखवट्यातून समोरचे आणि पायाखालचे दिसते की नाही, हे आधी तपासावे. चेहऱ्याचा रंग व गोंद आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावा.

एक बाब याहूनही महत्त्वाची आहे. वेशभूषा स्पर्धेत पाने गुंडाळून आणि अंगाला काळा रंग फासून मुलांना ‘आदिवासी’ म्हणून उभे केले जाते. ज्या प्रदेशात आदिवासी समाज शेजारी राहतो, तेथे हे विशेष खटकते. बस्तरमधील दंडामी माडिया पुरुष नृत्याच्या वेळी गव्याच्या शिंगांचा शिरपेच धारण करतात. तो त्यांच्या समारंभाचा मान आहे, त्याला सोंग समजणे योग्य नव्हे. कोणाचाही वेश घेताना तो समाज समोर बसलेला आहे असे समजावे. त्याला अपमान वाटेल असा वेश करू नये.

वेशशिवणाचा व्यवसाय

ज्या स्त्रीपुरुषांना शिवण येते, त्यांच्यासाठी हे उत्पन्नाचे साधनही होऊ शकते. मात्र दर अंदाजाने सांगण्याची सवय तोट्यात नेते. साहित्याची किंमत, लागलेल्या तासांचा मोबदला आणि धागा, सुई, वीज यांचा खर्च या तिन्हींची बेरीज करावी. समजा, साहित्य ४२० रुपयांचे आहे, काम ६ तासांचे आहे, तासाला ८० रुपये धरले आहेत आणि इतर खर्च ४० रुपये आहे. तर ४२० + ४८० + ४० म्हणजे ९४० रुपये होतात. याहून कमी घेतल्यास स्वतःचे श्रम फुकट जातात. साहित्याची रक्कम आगाऊ घ्यावी आणि देण्याची तारीख लिहून द्यावी.

प्रत्येक व्यक्तिरेखेचा कागदी नमुना नाव व मापे लिहून जपून ठेवावा. पहिला अंगरखा शिवायला सहा तास लागले, तर तोच नमुना हाती असताना दुसरा लवकर होतो, आणि वाचलेला वेळ हीच या व्यवसायातील खरी मिळकत असते.