विभागलेल्या फौजेचे गणित

ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेले समीकरण सांगते, की बंदुकीच्या लढाईत फौजेचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. संख्या दुप्पट झाली की मारा दुप्पट होतो, शिवाय शत्रूचा मारा दुप्पट माणसांत वाटला जातो. समजा, १००० सैनिकांसमोर तितकेच कुशल १००० जण आहेत, पण ५००-५०० च्या दोन तुकड्यांनी एकामागून एक येतात. पहिली तुकडी संपेल तेव्हा या बाजूचे ८६६ उरतील, दुसरी संपेल तेव्हा ७०७! दुप्पट संख्येशी बरोबरी करायला प्रत्येक सैनिक चौपट प्रभावी असावा लागतो.

धैर्य, भूगोल, रसद यांचे काय, हा आक्षेप रास्तच आहे. पावनखिंडीत १६६० साली अरुंद वाटेमुळे मोठ्या फौजेला एकदम भिडता आले नाही. तिथे वर्गाचा नियम चालत नाही. हातघाईसाठी लँचेस्टर यांनीच सरळ प्रमाणाचा वेगळा नियम दिला होता. मात्र इवो जिमाच्या १९४५ च्या लढाईतील अमेरिकी सैन्यबळाचे रोजचे आकडे जे. एच. एंगेल यांनी १९५४ मध्ये ताडून पाहिले, तेव्हा ते समीकरणाशी छान जुळले. अर्थात, प्रभावाचे गुणांक त्याच लढाईच्या आकड्यांतून काढलेले होते. त्यामुळे भाकितापेक्षा राखीव तुकडी केव्हा उतरवावी हे तपासायला मला हे गणित अधिक मोलाचे वाटते.