जळकोटचा रस्ता, शेततळं आणि मातीचा हिशोब: कटिंग-भरावाची गणितं

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून वही-पेन घेऊन वाचा.)

पॉलिटेक्निकचा सर्व्हेचा पेपर असो की कनिष्ठ अभियंत्याची भरती, मातीकामाचा प्रश्न येतोच. सूत्रं पाठ असतात, मार्क जातात ते दुसरीकडेच. कुठे, ते आज बघू.

आपलं जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, लातूर जिल्ह्यातलं नव्हे. नळदुर्गहून उमरग्याकडे जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. या पट्ट्यात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. रस्ता न्यायचा तर उंचवटा कापायचा आणि सखल भाग भरायचा. कापलं ते कटिंग, भरलं तो भराव.

पायरी पहिली: छेदाचं क्षेत्रफळ. जमीन आडवी सपाट असेल तर
क्षेत्रफळ = (रुंदी + उतार × उंची) × उंची.
समजा रस्त्याची माथ्याची रुंदी १० मीटर, बाजूचा उतार २:१, म्हणजे १ मीटर उभ्याला २ मीटर आडवं. दर ३० मीटरवर भरावाची उंची १, १.५, २, १.५ आणि १ मीटर. क्षेत्रफळं येतात १२, १९.५, २८, १९.५ आणि १२ चौ.मी. उतार दोन्ही बाजूंना असतो, पण तो सूत्रात आधीच धरलेला आहे. पुन्हा दोनने गुणू नका.

पायरी दुसरी: घनफळ. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत पहिल्या-शेवटच्याची सरासरी, अधिक मधली सगळी, गुणिले अंतर:
३० × (१२ + १९.५ + २८ + १९.५) = २३७० घ.मी.

प्रिझमॉइडल पद्धतीत पहिला-शेवटचा एकदा, सम क्रमांकाचे छेद चारपट, उरलेले विषम दुप्पट:
३०/३ × (२४ + ४×३९ + २×२८) = २३६० घ.मी.

फरक १० घ.मी.चा. ट्रॅपेझॉइडल इथे जास्त दाखवते, म्हणून प्रिझमॉइडल दुरुस्ती वजा करतात. आणि हो, प्रिझमॉइडलला छेदांची संख्या विषम लागते. सहा छेद दिले असतील तर पाचांना हे सूत्र लावा आणि शेवटचा तुकडा वेगळा काढून मिळवा.

कटिंगमधून भरावात जाताना. एका टोकाला १ मीटर भराव आणि ३० मीटरवर ०.५ मीटर कटिंग असेल तर? वजाबाकी करून एकच आकडा काढायचा नाही. आधी शून्य बिंदू शोधा: ३० × १/(१ + ०.५) = २० मीटर. पहिले २० मीटर भराव, पुढचे १० मीटर कटिंग. कागदावर दोन वेगळे रकाने ठेवा. कारण कापायचे पैसे वेगळे आणि भरायचे वेगळे.

आता शेततळं. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यात सर्वांत मोठं माप होतं ३०×३०×३ मीटर. बाजूचा उतार १:१ धरला तर तळ २४×२४ आणि मध्यावर २७×२७.
३/६ × (९०० + ४×७२९ + ५७६) = २१९६ घ.मी.
म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. इथली नेहमीची चूक म्हणजे मधलं क्षेत्रफळ ९०० आणि ५७६ ची सरासरी काढून ७३८ घेणं. सरासरी बाजूंची काढायची, क्षेत्रफळांची नाही.

माती एकच, घनफळं तीन. हे पुस्तकात दोन ओळींत उरकतात, पण भांडणं इथेच होतात. जमिनीत असलेली माती, खोदून सैल झालेली माती आणि रोलरने दाबलेली माती, तिघींचं माप वेगळं. समजा प्रश्नात दाबल्यावर १० टक्के आकुंचन दिलंय. तर २३६० घ.मी. भरावाला २३६०/०.९ म्हणजे सुमारे २६२२ घ.मी. खोदावी लागेल. २३६० ला १.१ ने गुणलं की उत्तर २५९६ येतं, ते चूक. टक्के खोदलेल्या मातीचे आहेत, भरावाचे नाहीत. तीच माती सैल होऊन २५ टक्के फुगली तर टिपरमध्ये सुमारे ३२७८ घ.मी. भरेल. १० घ.मी.चा टिपर असेल तर ३२८ खेपा.

म्हणून शेततळ्याचा व्यवहार खेपांवर ठरवायचा की खड्ड्याच्या मापावर, हे मशीन लावायच्या आधी बोलून घ्यावं. खेपा मोजून दर खड्ड्याच्या घनमीटरचा लावला तर या फुगाव्याने बिल सव्वापट होतं. आणि कटिंगमध्ये निघालेली सगळी माती भरावाला चालते असंही नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे रस्त्याच्या भरावाला मुरूम बरा. कटिंग आणि भराव कागदावर सारखे जुळले तरी मुरूम बाहेरून आणावा लागू शकतो.

सरावासाठी एक: वरच्याच शेततळ्याला १.५:१ उतार द्या. तळ २१×२१, मध्य २५.५×२५.५. उत्तर १९७१ घ.मी. यायला हवं. नुसत्या उतारामुळे २२५ घ.मी. खोदाई कमी, आणि पाणीही तेवढंच कमी. काठ मात्र ढासळायची भीती कमी. वहीत सोडवून बघा. भेटू पुढच्या भागात!