मासेमारीसाठी अ‍ॅल्युमिनियमची मोटारबोट : 12 फुटी घ्यावी की 16 फुटी?

वाशिम : एकबुर्जी, अडाण, सोनल हे मध्यम प्रकल्प असोत की गावाजवळचा लहान तलाव, मासेमारी संस्था मोटारबोट घ्यायला निघाली की वाद एकच होतो. लहान घ्यावी की मोठी? "घ्यायचीच तर मोठी घ्या" असे चारचौघे सांगतात. तीन एकराला 50 एचपीचा ट्रॅक्टर घेतल्यासारखे होऊ नये, म्हणून आधी हिशोब मांडलेला बरा.

पहिला हिशोब काठाचा. पावसाळ्यानंतर पाणी काठाला लागलेले असते. सिंचन आणि पिण्यासाठी उपसा झाला की उन्हाळ्यात ते आत सरकते, मधे चिखल उरतो. बोट हातानेच ओढावी लागते. 12 फुटी सपाट बुडाची उघडी बोट साधारण 60 ते 80 किलोची, दोघे-तिघे उचलतात. 16 फुटी 120 ते 150 किलोच्या घरात जाते. तिचे 20 एचपीचे इंजिन आणखी 50 किलोचे. लहान बोटीला 5 एचपी पुरते आणि ते 25 किलोच्या आसपास असते.

दुसरा हिशोब भाराचा. बोटीची लांबी-रुंदी फुटांत गुणायची आणि 15 ने भागायचे. 12 बाय 4 फुटांच्या बोटीत तीन माणसे बसतात, 16 बाय 5 च्या बोटीत पाच. मात्र ओले जाळे आणि मासळीही वजनातच धरायची, म्हणजे लहान बोटीत दोघेच. बोटीवर कंपनीची भार-पट्टी असेल तर तोच आकडा अंतिम.

मग मोठी बोट कुठे कामाची? पाण्याचा पसारा मोठा, वारा सुटला की लाटा उठतात आणि जाळी लांब टाकायची, तिथे 16 फुटी जास्त स्थिर राहते. लहान बोटीत उभे राहून एका अंगाला जाळे ओढले तर ती कलंडू शकते. लाइफ जॅकेट मात्र दोन्हींत हवेच.

अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, डांबरही लागत नाही. पण दगडावर घासून पत्रा फाटला तर आर्गन वेल्डिंगच करावे लागते. ते जवळपास कुठे होते, हे आधी विचारून ठेवावे.

एकबुर्जीचे पाणी वाशिम शहर पिते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळते आणि त्यातले काही पाण्यात उतरते. म्हणून फोर-स्ट्रोक बरे. पाटबंधारे विभागाची परवानगी, नोंदणी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयातील अनुदानाची चौकशी पैसे भरण्याआधीच करावी.

थोडक्यात, दोघांची मासेमारी, लहान तलाव आणि चिखलाचा काठ असेल तर 12 फुटी. मोठे धरण, चार-पाच माणसे आणि पाण्यापर्यंत ट्रॉली जाणारा कडक उतार असेल तर 16 फुटी. शंका असेल तर मे महिन्यात धरणावर जावे आणि गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंतची पावले मोजावीत.