बीपीसी-१५७ आणि नायट्रिक ऑक्साइड: श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांमधून

ही चिठ्ठी बघा. 'जिममधले लोक खांद्याच्या दुखण्यावर बीपीसी-१५७ चं इंजेक्शन घे म्हणतात. घेऊ का?' उत्तर देतो, पण आधी जरा नायट्रिक ऑक्साइडकडे जाऊ.

बऱ्याच घरांत सॉर्बिट्रेटची गोळी असते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची. तिच्यापासून शरीरात हाच वायू तयार होतो. एरवी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूत शिरून त्याला सैल करतो. वाहिनी रुंदावते, रक्तदाब उतरतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

आता बीपीसी-१५७. ही १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिचं मूळ जठररसातल्या प्रथिनात आहे, असं तिच्यावर काम करणारे सांगतात. बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबचं, प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाचं. त्यांचा १९९७ चा उंदरांवरचा प्रयोग मला फार मजेशीर वाटतो. एल-नेम नावाचं रसायन नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अडवतं, म्हणून रक्तदाब चढतो. पेप्टाइड दिल्यावर ही वाढ रोखली गेली. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ते नायट्रिक ऑक्साइड वाढवतं. थांबा! आर्जिनिन दिलं की दाब थोडा उतरतो. पेप्टाइड आधी दिलं तर ही घटही झाली नाही. आणि नुसतं पेप्टाइड दिलं, तर दाब जिथल्या तिथे.

फ्रिजला आपण स्टॅबिलायझर लावतो ना, तसं काहीसं. पण स्टॅबिलायझर उघडून आतलं रिले दाखवता येतं. इथे पेप्टाइड नेमकं कुठे जाऊन चिकटतं, तो रिसेप्टर अजून पक्का झालेला नाही. तैवानमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये एक वाट सापडली: व्हीईजीएफआर-२ हा रिसेप्टर जागा होतो आणि त्यातून अस्तरातलं ते एन्झाइम चालू होतं. नव्या रक्तवाहिन्या फुटायला याची मदत होते, जखम भरण्याचं स्पष्टीकरणही इथे मिळतं. पण ही वाट नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी झाली. आर्जिनिनचा परिणाम का रोखला गेला, ते यातून कळत नाही.

शिवाय गाठीसुद्धा स्वतःला रक्त मिळावं म्हणून याच वाटेने वाहिन्या फुटवतात. कर्करोगाची काही औषधं ती मुद्दाम बंद करतात. म्हणून 'जखम भरते' एवढं ऐकून मी खूश होत नाही. माणसांवरचे अभ्यास अगदी मोजके आणि लहान आहेत, पुरावा मुख्यतः उंदरांचा, तोही बराचसा एकाच प्रयोगशाळेचा.

तर चिठ्ठीवाल्यांना उत्तर: नको. आधी खांदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि स्पर्धेत उतरत असाल तर २०२२ पासून वाडाच्या बंदी-यादीत याचं नाव आहे, हेही जिमवाल्यांना सांगा.